गोळीच्या मापाचा कागद

दुकानातला माल विकला जातो, किस्से मात्र पडून राहतात. नागपूरच्या नंदनवन भागात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन पेनं घेऊन जातं आणि अर्ध्या तासाचा किस्सा सोडून जातं. त्याला ना एक्सपायरी, ना रिटर्न! बायको म्हणते, "तुमच्या दुकानात स्टॉक कमी अन् गोष्टी जास्त." खरं आहे, पण गेल्या हिवाळ्यात जे किस्से जमले ते सगळे एकाच गिऱ्हाइकाचे. आणि त्या गिऱ्हाइकानं माझ्याकडून शेवटपर्यंत एक रीमही विकत घेतली नाही!

*

गिऱ्हाईक म्हणजे नाना. इथल्या एका रायफल क्लबचे आर्मरर. क्लबच्या बंदुकांची देखभाल त्यांच्याकडे. वय अडुसष्ट. मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडिलांचा माग बंद पडला तसे नाना लेथ मशीनवर गेले आणि तिथून बंदुकांकडे. खिशात एक वेळ चष्मा नसेल, पण जाडी मोजायचं मायक्रोमीटर असतंच.

एका दुपारी आले. रामराम नाही, श्यामराम नाही. थेट काउंटरवरचं पाकीट उचललं आणि मोजलं. बिलबुक मोजलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर करून तेही मोजलं!

"नाना, काय पाह्यजे?"

"कागद."

"कायले?"

"गोळीले नेसवायले."

झेरॉक्स काढायला आलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

मग नानांनी सांगितलं. क्लबकडे एक फार जुनी रायफल आहे, एका वेळी एकच गोळी भरायची. नाना तिला 'म्हातारी' म्हणतात. तिची नळी झिजून आतून सैल झालेली, आणि शिशाची गोळी ओतायचा साचा मात्र जुनाच. गोळी नळीत खुळखुळते आणि कुठेही जाते. उपाय एकच, गोळीला कागदाचे दोन वेढे द्यायचे. ओला कागद गुंडाळायचा, वाळला की घट्ट बसतो आणि गोळी मापाला येते. कागद पातळ पाहिजे, पण मजबूत, शक्यतो कापसाचा. नळीत असेपर्यंत फाटता कामा नये, आणि बाहेर पडल्याबरोबर फाटून बाजूला झाला पाहिजे.

"म्हणजे अंतरपाटच की, नाना! वेळ होईपर्यंत धरायचा, वेळ झाली की काढायचा."

"बराबर. असा कागद दे."

दोन महिन्यांनी क्लबच्या समितीपुढे म्हातारीची तपासणी होती. पन्नास मीटरवरून पाच गोळ्या एका बशीत मावतील एवढ्या जवळ लागल्या तर ठीक. नाही तर म्हातारी निकामी, नळी कापून जमा! आणि नानांचा जीव खरा अडकला होता तो शुभांगीत. शुभांगी इथलीच, ब्लाउज शिवते. कॉलेजात एनसीसीत पहिली यायची, आता चाळिशीला टेकल्यावर क्लबात परत आली आणि तिचा नेम पाहून भलेभले गप्प झाले. जुन्या रायफलींच्या राज्यस्तरीय मॅचला तिचं नाव गेलेलं होतं. रायफल मात्र ही एकच. स्वतःची घ्यायची तिची ऐपत नव्हती. म्हातारी गेली तर शुभांगीची मॅचही गेली.

"पोरगी पहिल्यांदा नागपूरच्या बाहेर जाऊन राहिली गा, अरुण," नाना म्हणाले. "कागदापायी अडली त मले झोप नाही लागणार."

*

पहिला नंबर लागला पतंगाच्या कागदाचा. सल्ला माझाच! संक्रांतीसाठी गठ्ठा आणून ठेवलेला, पातळ होता, स्वस्त होता. नानांनी मोजला, जरा नाक मुरडलं, पण नेला. त्यात पांढरा संपला होता म्हणून गुलाबी नेला.

आता हे मला आधी सुचायला हवं होतं की कागद ओला करून गुंडाळायचा आहे. रविवारी रेंजवर गेलो तर नानांची दहाही बोटं गुलाबी, शुभांगीची बोटं गुलाबी, तिच्या कपाळावर घाम पुसलेला तिथे गुलाबी पट्टा! डबीत वीस गुलाबी गोळ्या ओळीनं उभ्या. गोळी सुटली की कागदाचा नळीतच भुगा व्हायचा. पहिली टार्गेटच्या वर, दुसरी डाव्या बाजूला मातीत, तिसरी कुठे गेली ते अजून माहीत नाही.

क्लबचे अध्यक्ष शेजारी उभे होते. बराच वेळ पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "नाना, होळीले अजून टाइम हाय ना?"

*

त्यानंतर नाना जिथे जातील तिथे कागद मोजू लागले. देवळात प्रसादाची पुडी, दवाखान्यात प्रिस्क्रिप्शन, सलूनमध्ये मानेला गुंडाळतात ती पट्टी. एकदा उमरेडला नात्यातल्या लग्नाला गेले. मंडपात शिरल्या शिरल्या त्यांची नजर मिठाईच्या खोक्यातल्या पातळ कागदावर पडली. खिशातून मायक्रोमीटर निघालं. कागद मोजला, मान हलवली. हातासरशी शेजारचा पाण्याचा ग्लासही मोजला, सवयच ती!

केटरर लांबून पाहत होता. त्याचा चेहरा उतरला. प्लास्टिकवर बंदी आहे, पातळ प्लास्टिक सापडलं तर दंड होतो, आणि हा माणूस पांढरा शर्ट घालून जाडी मोजत फिरतोय! पाच मिनिटांत सगळे प्लास्टिकचे ग्लास गायब. स्टीलचे आले. नानांना हाताला धरून पहिल्या पंक्तीत, पंख्याखाली बसवलं. वाढणारा एक खास माणूस! वरपक्षाकडचे एक काका कानाशी येऊन हळूच म्हणाले, "साहेब, पत्रावळी असली पानाची हाय. मोजून घ्या पाह्यजे त."

नानांनी मोजली!

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग, कागद कसा होता?"

"कागदाले चमक चढवलेली होती. बेकार," नाना म्हणाले. "पण गुलाबजाम भल्ले होते."

*

काटोलचे एक संत्र्यांचे व्यापारी माझ्याकडे लेबलं छापायला देतात. त्यांनी हे ऐकलं आणि मनावरच घेतलं. "बाहेरगावच्या मालासाठी एकेक संत्रं गुंडाळतो आम्ही. तसा कागद तुमच्या नागपुरात भेटत नाही!" चौथ्या दिवशी बसनं पोतं आलं, मागून ते स्वतः आले. कागद पातळ, मजबूत, आणि दुकानभर संत्र्याचा वास. नानांचे डोळे चमकले.

पण कागदाला मेण होतं. पाण्यात बुडवला तर पाणी घरंगळून जायचं. गोळीला गुंडाळला की आपोआप उलगडून उभा राहायचा. नानांनी एकामागून एक पंधरा गोळ्या गुंडाळल्या आणि पंधराही त्यांच्यासमोर उलगडल्या. व्यापाऱ्यांना वाईट वाटलं. काटोलची इज्जत होती ना!

"नाना, असं कसं? आमच्या कागदात संत्रं महिनाभर टिकते!"

नानांनी चष्मा काढला. "भाऊ, माह्या गोळीले महिनाभर नाही टिकायचं. तिले पन्नास मीटर जायचं हाय फक्त."

*

आता शुभांगीच्या आईबद्दल सांगितलंच पाहिजे. इंदुकाकू. माणूस प्रेमळ, पण तोंड असं की भाजीवाला न विचारता कोथिंबीर देतो. पोरीनं बंदूक हातात धरली हेच त्यांना मान्य नव्हतं. लग्न जमलं नाही, ते दुःख एकीकडे, त्यात हे!

झालं असं की नाना कागदाच्या पट्ट्या सरळ कापत होते. गुंडाळल्यावर दोन टोकं एकमेकांवर चढायची आणि तिथे गाठ यायची. गाठ आली की गोळी तिरकी जाते. शुभांगीनं एक दिवस दुकानात बसून ते पाहिलं आणि हसलीच.

"नाना, सरळ काहून कापता? उरेब कापा ना! ब्लाउजच्या गळ्याले पट्टी लावतो तशी, तिरकी. टोकाले टोक भिडते, चढत नाही."

तिनं पर्समधून कात्री काढली, कर्रकन दहा पट्ट्या कापल्या. मापात, तिरक्या, एकसारख्या. नाना पाहतच राहिले. तीस वर्षं बंदुकांत घालवली आणि शिकवलं कोणी, तर ब्लाउज शिवणारीनं!

नेमक्या तेव्हाच इंदुकाकू दारात.

"काय करून राहिली वं?"

"पट्ट्या कापून राहिले, आई."

"कोनाच्या ब्लाउजाच्या?"

शुभांगीनं पट्ट्या मुठीत लपवल्या. नानांनी अपराध्यासारखी एक गोळी वर धरून दाखवली. काकूंनी गोळीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या. मी काय केलं होतं, देव जाणे!

"भाऊ, गिऱ्हाइकांचे सतरा ब्लाउज घरी पडले हायत. अन् हे इथं शिशाले ब्लाउज शिवून राहिली! तेबी बिनबाह्यांचे!"

*

कागद शेवटी सापडला तो माझ्याच माळ्यावर. बाबांच्या काळातलं परदेशी पत्र लिहायचं एक पॅड, विमानाच्या टपालाचं. निळसर, पातळ, सळसळ वाजणारा कागद. बहुतेक पॅड उंदरांनी खाल्लेलं, उरलेल्या तुकड्यांत तीस-एक पट्ट्या निघतील एवढाच. नानांनी मोजला. परत मोजला. बोलले नाहीत. नानांनी बोलणं बंद केलं की समजायचं, जमलं.

रविवारी शुभांगीनं पाच गोळ्या मारल्या. पाचही बशीत! नाना लहान पोरासारखे नाचले. मी नाचलो. अध्यक्षांनी सगळ्यांना चहा पाजला, हे तर अजून कोणाला खरं वाटत नाही.

उरलेल्या पंचवीस गोळ्या गुंडाळून नाना घरी घेऊन गेले. आणि तिथे विणकराचं रक्त जागं झालं. मागावर सूत चढवण्याआधी त्याला खळ लावतात, भाताच्या पेजेची. सूत कडक होतं, तुटत नाही. नानांना वाटलं, कागदालाही लावावी. वडील लावायचे तशी, पातळ, गाळून, चिमूटभर मीठ टाकून. लावली. वाळायला कपाटात उभ्या करून ठेवल्या.

सकाळी कपाट उघडलं तर पंचवीस गोळ्या आणि अंगावर कपडा नाही! झुरळांनी पेजेसकट कागद साफ केला होता. एका गोळीवर तेवढा नखाएवढा निळा तुकडा उरला होता, त्यावर एक झुरळ निवांत बसलेलं.

तपासणीला सहा दिवस राहिले होते.

नाना दुकानात आले, स्टुलावर बसले. मायक्रोमीटर काढून काउंटरवर ठेवलं. "अरुण, तीस वर्षांत पहिल्यांदा मी बापासारखं काही केलं," म्हणाले, "अन् झुरळाईनं जेवण केलं." मला हसू येत होतं, ते त्यांच्याकडे पाहून दाबलं. चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

*

शुभांगीनं मात्र हार मानली नाही. म्हणाली, "कापसाचा कागद मिळत नाही ना? बनवू!" उमरेडला नानांच्या चुलतभावाकडे अजून एक माग चालतो. तिथून सुताचे तुटके तुकडे, गुंता, पिशवीभर आणला. मोबाइलवर कागद बनवायचा व्हिडिओ पाहिला. सूत भिजवलं, उकळलं आणि घातलं मिक्सरमध्ये. आईच्या!

सुताचा गुंता पात्याला बसला. मिक्सरनं एकदा गुर्र केलं, दोनदा गुर्र केलं, मग निळा धूर काढून कायमचं गप्प झालं. तरी जेवढा लगदा झाला होता तेवढा तिनं चाळणीवर पसरून गच्चीवर वाळवला. मी पाहायला गेलो. कागद कसला, उडदाचे पापड! नानांनी तरी माणुसकी म्हणून एक मोजला. मायक्रोमीटर पुरेना.

काकू गच्चीवर आल्या. मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

"मिक्सर गेलं," काकू म्हणाल्या. "चटणी कशात वाटू? बंदुकीत?"

शुभांगी उकिडवी बसून ते पापड एकेक करून गोळा करत होती. रडत नव्हती, पण मानही वर करत नव्हती. पोरीला अशी बसलेली पाहून काकूंचा आवाज खाली आला. जिन्यात मला थांबवून विचारलं, "भाऊ, हा कागद नाही भेटला त काय होईन?"

मी सांगितलं. रायफल कापतील. मॅच जाईल. दुसरी रायफल नाही.

"बस?"

"काकू, तिच्यासाठी ते बस नाही ना. तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट आहे."

काकू खाली उतरल्या. चटणी त्या दिवशी पाट्यावर वाटली म्हणे.

*

आणि आता हा शेवटचा. तपासणी रविवारी, हा शनिवार. संध्याकाळचे पाच. दुकानात मी, नाना आणि शुभांगी. समोर अकरा प्रकारचे कागद, एकही कामाचा नाही. नाना म्हणत होते की समितीला फोन करून सांगू, म्हातारी तुम्हीच घेऊन जा.

इंदुकाकू आल्या. पदराखालून पत्र्याची लांब नळकांडी काढली, काउंटरवर ठेवली. झाकण उघडून आतली गुंडाळी बाहेर ओढली. वीतभर रुंद, सात-आठ फूट लांब, पिवळट हातकागद. एका बाजूला काळ्या शाईनं कुंडलीची घरं, खाली बारीक अक्षरात ओळीच ओळी.

"नाना, हे मोजा."

नानांनी कोपरा मोजला. मधे मोजला. परत कोपरा मोजला. बोलले नाहीत.

मी कागद बोटांत धरला. सत्तावीस वर्षं कागद विकतोय, पण असा हातात आला नव्हता. कांद्याच्या सालीसारखा पातळ, आणि ओढला तर फाटायचं सोडा, वाजायचा सुद्धा नाही. जुन्या चिंध्यांचा, निव्वळ कापसाचा.

शुभांगीनं गुंडाळीवर हात ठेवला. "आई, हे माही पत्रिका हाय."

"मले नाही माहीत? पंधरा वर्षं मीच त घेऊन फिरली. तुह्या बाबानं उमरेडच्या जोशीबुवाकडून किती हौसेनं लिहून घेतली होती. ज्याच्या घरी नेली त्यानं उघडली, मंगळ पाह्यला अन् गुंडाळून परत देल्ली. चहाबी पुरता पिऊ देत नव्हते." काकूंनी हातानंच ते बाजूला सारलं. "हं. काप."

शुभांगीनं कात्री उचलली. ती कात्री कागदाला लावायची आणि परत उचलायची. आम्ही दोघे बाप्ये खाली पाहत उभे. काकूंनी कागदाचं एक टोक ताणून धरलं.

"उरेब काप वं," म्हणाल्या. "सरळ कापली त गाठ येते म्हणतेस ना?"

कर्रकन आवाज झाला. पहिली पट्टी पडली.

दहा पट्ट्या कापल्या, दोन-एक फुटांत निघाल्या. नानांनी पाण्यात भिजवून दहा गोळ्या गुंडाळल्या. खळ लावली नाही! वाळवायला स्टीलच्या डब्यात ठेवल्या, झाकणाला चार भोकं, आणि डबा काकूंनी स्वतःच्या देवघरात नेऊन ठेवला. कापल्यावर मारून पाहायला वेळच नव्हता.

रविवारी रेंजवर समितीचे तीन जण खुर्च्यांवर. काकू पहिल्यांदाच आलेल्या, कानांत कापूस घालून माझ्या शेजारी उभ्या. शुभांगी आडवी झाली. पहिली गोळी सुटली तशा काकू दचकून माझ्या दंडाला लटकल्या. म्हातारीच्या तोंडातून धूर निघाला आणि त्या धुरात कागदाचे बारीक तुकडे, लग्नात अक्षता उडाव्यात तसे, गवतावर पडले. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवीच्या आधी शुभांगीनं रायफल खाली ठेवली, हात पुसले, परत उचलली. पाचवी.

टार्गेट आणलं. समितीतल्या एकानं खरीखुरी बशी आणली होती, चहाचीच. ती भोकांवर पालथी ठेवली. चार भोकं पूर्ण झाकली. पाचवं अर्धं बाहेर डोकावत होतं. तिघांनी वाकून पाहिलं. चष्मे बदलून पाहिलं. आपसात कुजबुजले. नाना देवाचं नाव घेत होते की झुरळांना शिव्या देत होते, कळत नव्हतं. मग त्यातले मोठे होते त्यांनी बशी उचलली आणि म्हणाले, "काठ शिवला म्हणजे आत. रायफल पास!"

नाना मटकन खाली बसले. शुभांगीनं आईला अशी मिठी मारली की काकूंच्या कानातला एक कापूस पडला. अध्यक्षांनी परत चहा पाजला, म्हणजे दोन महिन्यांत दुसऱ्यांदा! मी रडलो नाही, धूर डोळ्यांत गेला होता. खरं सांगतो, रडलो.

चहा झाल्यावर नाना उठले. पत्र्याची नळकांडी दोन्ही हातांत धरून काकूंसमोर आले. आत उरलेली पत्रिका नीट गुंडाळून ठेवली होती. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, हे पाच-साडेपाच फूट उरली हाय. आता घरी जपून ठेवा. कसंही असो, पोरीची पत्रिका हाय."

काकूंनी हात पुढे केला नाही.

"मले काहून देऊन राहिले, नाना? तिच्या मॅचले गोळ्या कायच्यात गुंडाळसान?"